कंपनी बुडाली, मग तिचं रसायन परत कसं येतं?

फिल्मचे कॅमेरे माळ्यावरून खाली आलेत. रोल महाग झाला तरी मिळतो, कॅमेरा दुरुस्त करणारा शोधला तर सापडतो. घोडं अडतं ते रसायनापाशी. जुन्या पुस्तकात ज्या डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाची, शिफारस वाचावी, तो बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेलेली असते. दुसरीकडे बातम्या वेगळंच सांगतात. हातातल्या हातात फोटो देणारी पोलरॉइडची फिल्म मेली होती, ती परत आली. इटलीतल्या फेरानिया कारखान्याची पी-३० ही कृष्णधवल फिल्म २०१७ मध्ये पुन्हा बाजारात आली. कोडॅकची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म मात्र कितीही हळहळ व्यक्त झाली तरी आली नाही.

एक रसायन औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांपासून स्वयंपाकघरात बनतं, दुसऱ्याला अख्खा कारखाना विकत घ्यावा लागतो आणि तिसरं कुणालाच परत आणता येत नाही. हा फरक पडतो कशामुळे? लोक समजतात की कंपनीचं गुपित सूत्र कुलपात अडकलेलं असतं. बहुतेक वेळा सूत्र उघडंच असतं, हरवलेलं असतं ते वेगळंच काहीतरी.

डेव्हलपरच्या बाटलीत असतं तरी काय?

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण विखुरलेले असतात. या थराला इमल्शन म्हणतात. ज्या कणावर प्रकाश पडतो त्यात चांदीचे मोजकेच अणू सुटे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण खूण पडलेली असते. डेव्हलपर अशा खूण झालेल्या कणांचं पूर्ण चांदीत रूपांतर करतो आणि तिथे काळं उमटतं. उरलेले कण फिक्सर विरघळवून काढून टाकतो.

साध्या कृष्णधवल डेव्हलपरमध्ये चार प्रकारचे घटक असतात. चांदी सुटी करणारा मुख्य घटक, उदाहरणार्थ मेटॉल किंवा हायड्रोक्विनोन. त्याला चालना देणारा अल्कली. हवेने तो खराब होऊ नये म्हणून सोडियम सल्फाइट. आणि लागलाच तर पोटॅशियम ब्रोमाइड, म्हणजे प्रकाश न पडलेले कण उगाच काळे होत नाहीत.

कोडॅकचा डी-७६ हा १९२०च्या दशकातला डेव्हलपर घ्या. त्याचं सूत्र कंपनीनेच छापलेलं आहे: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या ७५० मिलिलिटर पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट टाकायचं, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की बाकीचं सगळं याच क्रमाने, आणि शेवटी पाणी घालून लिटर पुरा करायचा. सगळं सल्फाइट आधी ओतलं तर मेटॉल विरघळायला तयार होत नाही, पांढरा भुगा तरंगत राहतो. चिमूटही विसरली तर मेटॉल हवेशी झगडून रंग धरायला लागतं.

इथेच पहिली गोम आहे. छापलेलं सूत्र आणि पाकिटातली पावडर एकच नव्हे. छापील डी-७६ काही आठवडे बाटलीत राहिला की त्याची अल्कता वाढते आणि तो अधिक जोरात काम करतो, त्यामुळे त्याच वेळेत निगेटिव्ह जास्त काळी येते. पाकिटात हा बदल थोपवणारे घटक असतात आणि पाण्यातल्या कॅल्शियमचा साका होऊ नये म्हणूनही काहीतरी असतं. बोअरवेलच्या पाण्यात घरचा डी-७६ केलात तर हे चटकन कळतं. डिस्टिल्ड वॉटर वापरा, प्रश्न मिटतो.

सूत्रं सापडतात कुठे?

पहिली जागा पेटंट. पेटंट घेताना शोध जगासमोर मांडावा लागतो. पण वकील आकडे मुद्दाम ऐसपैस ठेवतात, 'अमुक ते तमुक ग्रॅम' असे. खरा माल शेवटी दिलेल्या उदाहरणांत असतो, म्हणून जाणकार पेटंट शेवटाकडून वाचायला घेतात.

दुसरी जागा युद्ध. १९४५ मध्ये जर्मनी पडल्यावर ब्रिटिश आणि अमेरिकी तज्ज्ञांची पथकं तिथल्या कारखान्यांत शिरली आणि जे दिसलं ते लिहून काढलं. आग्फाचा वोल्फेन इथला फिल्मचा कारखाना त्यात होता. ते अहवाल प्रसिद्ध झाले आणि आग्फाच्या रंगीत फिल्मची विद्या इतर देशांतल्या कंपन्यांना खुली झाली. फोटोग्राफीच्या इतिहासातलं सर्वांत मोठं गुपित असं फुकटात फुटलं.

तिसरी जागा सुरक्षितता पत्रक, म्हणजे रसायनासोबत येणारी धोक्यांची माहिती. त्यात घटकांची नावं मिळतात, पण प्रमाण '१ ते ५ टक्के' असं मोघम. शिवाय जो घटक धोकादायक नाही तो पत्रकात येतही नाही. नेमका तोच कधीकधी महत्त्वाचा निघतो.

समजा गोडा मसाल्याच्या जिनसांची यादी हातात आली. दगडफूल किती भाजायचं ते यादीत नसतं. आणि उद्या दगडफूलच बाजारातून नाहीसं झालं, तर यादी फ्रेम करून भिंतीवर लावायची. फोटोच्या रसायनांचं असंच आहे: यादी, हात आणि जिन्नस, तिन्ही जुळावं लागतं.

रोडिनल: कुठे थांबायचं, हे माहीत असणं

मोम्मे आंद्रेसन या रसायनशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये रोडिनल या डेव्हलपरचं पेटंट घेतलं आणि आग्फाने तो विकायला काढला. आग्फाची फोटो शाखा वेगळी होऊन २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण रोडिनल आजही मिळतो. मुख्य घटक एकच, पॅरा-अमिनोफेनॉल. घट्ट द्रावण वर्षानुवर्षं टिकतं. चहासारखं तपकिरी झालं तरी काम करतं, त्यामुळे रंग बघून ओतून देऊ नका.

जुन्या छापील कृतीत दोन द्रावणं आहेत. पहिल्यात ६२५ मिलिलिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम पॅरा-अमिनोफेनॉल हायड्रोक्लोराइड आणि १५० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. दुसऱ्यात ५०० मिलिलिटर थंड पाण्यात २१५ ग्रॅम कॉस्टिक सोडा. पहिलं गार झालं की ढवळत ढवळत दुसऱ्यातलं साधारण २८० मिलिलिटर हळूहळू घालायचं. आधी पांढरा साका बसतो आणि पुढे तोच विरघळायला लागतो. मिश्रण पुन्हा गार करायचं आणि उरलेलं कॉस्टिकचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, साका जवळजवळ नाहीसा होईपर्यंत.

यातलं 'जवळजवळ' महत्त्वाचं. तळाशी थोडे स्फटिक उरलेच पाहिजेत. पूर्ण स्वच्छ द्रावण दिसायला छान, पण मग गरजेपेक्षा जास्त कॉस्टिक पडलंय की नाही हे कळायला मार्ग नाही. जास्त पडलं तर डेव्हलपर तिखट होतो आणि दर खेपेला वेगळा वागतो. स्फटिक शिल्लक असले की समजायचं, अल्कली काठावर आहे. म्हणजे कृतीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा कागदावर नाहीच, तो डोळ्याने ठरतो.

पोटॅशियमच का, सोडियम का नाही? पोटॅशियमचे क्षार जास्त विरघळतात, म्हणून इतकं घट्ट द्रावण थंडीतही बाटलीत गोठून बसत नाही. सोडियम मेटाबायसल्फाइट स्वस्त म्हणून वापरलं तर हिवाळ्यात बाटलीच्या तळाशी खडे सापडतात.

तापाच्या गोळीतून डेव्हलपर

पॅरा-अमिनोफेनॉल किरकोळीत सहज मिळत नाही, पण पॅरासिटामॉल म्हणजे त्याचाच एक शेपूट लावलेला रेणू. कॉस्टिक सोडा ते शेपूट तोडतो. जगभरचे हौशी लोक वापरतात ती कृती अशी: ५०० मिलिग्रॅमच्या ३० गोळ्या, निर्जल सोडियम सल्फाइट ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा २० ग्रॅम, पाण्याने एकूण २५० मिलिलिटर. आपल्याकडे ६५० मिलिग्रॅमच्या गोळ्या जास्त खपतात, त्या २३ घ्या.

गोळ्यांची बारीक पूड करा. साधारण १५० मिलिलिटर पाण्यात सल्फाइट विरघळवा, पूड टाका, मग कॉस्टिक अगदी थोडं थोडं घाला. भांडं चांगलंच तापतं. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येतं. चष्मा आणि हातमोजे हवेतच, खिडकी उघडी हवी, भांडं नंतर स्वयंपाकाला वापरायचं नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं तर मुळीच नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. पूर्ण गार झाल्यावर जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, नाव आणि तारीख लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि तीन दिवस थांबा. शेपूट तुटायला तेवढा वेळ लागतो. तळाशी गोळ्यांचा चोथा बसतो, वरचं गाळून घ्या.

फसतं ते बहुतेक तीन जागी. एक, गोळी. पाकिटावर फक्त पॅरासिटामॉल हवं. कॅफीन, आयब्युप्रोफेन किंवा सर्दीची औषधं मिसळलेली नको, रंगीत लेपाची नको. दोन, सल्फाइट. दुकानदार सल्फेट देऊन मोकळा होतो. नावात एका अक्षराचा फरक, पण डेव्हलपर दोन दिवसांत मेलेला. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेच्या रसायनांची दुकानं आहेत, तिथेही लेबल स्वतः वाचा. स्फटिकात पाणी असलेला, हेप्टाहायड्रेट प्रकार मिळाला तर वजन दुप्पट घ्या. उघड्या पिशवीतलं जुनं सल्फाइट हवेने आपोआप सल्फेट होतं, ते स्वस्तात मिळालं तरी नको. तीन, कॉस्टिक. मोरी साफ करायच्या काही पावडरींत ॲल्युमिनियमचे कण असतात, त्या चालत नाहीत. साधे कॉस्टिकचे पापुद्रेही डबा उघडा राहिला की ओल धरतात आणि वजन खोटं पडतं.

खरा रोल घालण्याआधी परीक्षा घ्या. १ भाग डेव्हलपर, ५० भाग पाणी असं करून त्यात उजेडातच फिल्मचा तुकडा, म्हणजे रोलचं कापून टाकलेलं टोक, बुडवा. काही मिनिटांत तो गडद काळा व्हायला हवा. राखाडीच राहिला तर बाटली ओतून द्या. फिल्म धुण्याच्या ३०० मिलिलिटरच्या टाकीला ६ मिलिलिटर रोडिनल लागतो, ते बिनसुईच्या सिरिंजने मोजा. खऱ्या रोडिनलमध्ये इलफर्डच्या एचपी-५ प्लस या कृष्णधवल फिल्मला या प्रमाणात २० अंशाला ११ मिनिटं दिली आहेत. घरच्या द्रावणालाही तिथूनच सुरुवात करायची आणि निगेटिव्ह फिकी आली की वेळ वाढवायचा. मे महिन्यात नळाचंच पाणी ३० अंशाला असतं, त्यात वेळ इतका आक्रसतो की प्रतिमा डागाळते. टाकीभोवती बर्फाचं पाणी ठेवून निदान २४ पर्यंत आणा आणि वेळ पावणेआठ मिनिटांच्या आसपास धरा.

मग पोलरॉइडला इतके कष्ट का पडले?

डेव्हलपर बाटलीत संपतो, पोलरॉइडची फिल्म बाटलीत मावत नाही. त्या एका चौकटीत डझनापेक्षा जास्त थर असतात आणि खालच्या जाड पांढऱ्या पट्टीत अल्कधर्मी लगद्याची पुडी असते. फोटो बाहेर येताना रुळांमध्ये पुडी फुटते, लगदा थरांमध्ये पसरतो आणि सगळी क्रिया उजेडात, तुमच्या हातात घडते. ती घडत असताना आत उजेड जाऊ नये म्हणून लगद्यात असे रंग असतात, जे तीव्र अल्कलीत गडद असतात आणि अल्कता उतरली की पारदर्शक होतात.

कंपनीने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्म बंद केली. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे इथल्या कारखान्याची यंत्रं फ्लोरियन काप्स, कारखान्याचे व्यवस्थापक आंद्रे बॉसमन आणि त्यांच्या सोबत्यांनी ३१ लाख डॉलरना घेतली. जुने कामगारही सोबत आले. यंत्रं होती, हात होता. जिन्नस नव्हते. पोलरॉइड आपली बरीच खास रसायनं स्वतःच बनवायची आणि निगेटिव्हचा थर अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डला व्हायचा. तेही बंद झालं होतं. त्यामुळे जुनी फिल्म पुन्हा बनवणं शक्यच नव्हतं, नवी शोधावी लागली. मार्च २०१० मध्ये आलेली पहिली फिल्म कृष्णधवल होती. थंडी-उष्णतेला भलतीच नाजूक, आणि उजेड अडवणारे ते रंग जमलेले नसल्यामुळे फोटो बाहेर येताच हाताने झाकावा लागे. ओल आत अडकली की काही दिवसांनी चित्रावर स्फटिक पसरत. आजची रंगीत फिल्म बरीच सुधारली आहे, तरी फोटो उमटायला दहा ते पंधरा मिनिटं घेते.

कोडाक्रोम का नाही?

१९३५ मध्ये आलेल्या कोडाक्रोमच्या फिल्ममध्ये रंग नव्हताच. इतर रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारे पदार्थ थरातच असतात, इथे ते डेव्हलपरमध्ये होते. आधी कृष्णधवल डेव्हलपर, मग मागच्या बाजूने लाल प्रकाश आणि निळसर रंगाचा डेव्हलपर, मग समोरून निळा प्रकाश आणि पिवळ्याचा डेव्हलपर, शेवटी रसायनाने उरलेला थर जागा करून किरमिजीचा डेव्हलपर. हे रसायनशास्त्र छापील आहे. पण फिल्म बंद झाल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं आणि अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या शेवटच्या लॅबने ३० डिसेंबर २०१० नंतर नवे रोल घेणं थांबवलं. प्रक्रिया परत आणायची तर ती कोणत्या फिल्मसाठी?

कपाटात न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला तर त्यातून कृष्णधवल चित्र काढता येतं. मात्र पाठीवरचा काजळीचा थर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने सोडवून काढावा लागतो. शिवाय आत पिवळी गाळणी म्हणून चांदीचाच एक थर असतो, तो कृष्णधवल प्रक्रियेत निघत नाही. त्यामुळे निगेटिव्ह गढूळ पिवळी दिसते. ती बिघडलेली नसते, स्कॅन होते.

ही चोरी नाही का?

पेटंटची मुदत साधारण वीस वर्षं. ती संपली की कृती सगळ्यांची. नाव मात्र नोंदणी चालू ठेवली तोवर मालकाचंच राहतं. म्हणून रोडिनलसारखंच द्रावण तुम्ही बनवून विकू शकता, 'रोडिनल' या नावाने नाही. युद्धानंतर आग्फाची दोन शकलं झाली. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनने १९६४ मध्ये ओर्वो हे नाव घेतलं, तेच ओर्वो ज्याची फिल्म आपल्याकडे एकेकाळी सर्रास वापरली जायची. तिकडचं रोडिनल आर-०९ या नावाने खपलं. बाटली दुसरी, आतला माल बराचसा तोच.

जुनी बाटली प्रयोगशाळेत तपासली तर?

डेव्हलपरच्या बाबतीत थोडाफार उपयोग होतो, पण जुन्या बाटलीत हवेने बदललेलं द्रावण असतं आणि अहवाल त्या बदललेल्याचाच मिळतो. इमल्शनच्या बाबतीत तर खुद्द कारखानदारांनाही आपण काय वापरतोय ते ठाऊक नव्हतं. कुठल्या जिलेटिनची फिल्म जास्त संवेदनशील का येते, हे कोडं कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२५ मध्ये सोडवलं. ज्या जनावरांच्या कातड्या-हाडांपासून जिलेटिन व्हायचं, त्यांच्या चाऱ्यात मोहरीच्या कुळातली झाडं होती आणि त्यातल्या गंधकाचा अंश जिलेटिनमध्ये उतरत होता. प्रमाण इतकं सूक्ष्म की शोधायचं काय हेच माहीत नसेल तर सापडणार नाही. आणि कुठला पदार्थ आधी, किती अंशाला, किती वेगाने ओतला, हे तर तयार थरातून कुठलंच यंत्र वाचू शकत नाही. चांदीच्या कणांचा आकार मात्र त्यावरच ठरतो.

तयार डेव्हलपर मिळत असताना हा खटाटोप कशाला?

पैसे वाचवायला असेल तर करू नका. रोडिनलची बाटली विकत घ्या. अर्ध्या लिटरमध्ये ऐंशीवर रोल होतात आणि कॉस्टिकशी खेळावं लागत नाही. घरी बनवण्यात अर्थ आहे तो पुरवठा तुटला असेल तेव्हा, किंवा एखादं जुनं सूत्र बाजारात उरलेलंच नसेल तेव्हा. डी-२३ पासून सुरुवात करा: लिटरला मेटॉल ७.५ ग्रॅम, निर्जल सल्फाइट १०० ग्रॅम, बस्स. कॉस्टिक नाही, तीन दिवस थांबणं नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा पुरतो.

आणि उटी?

हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. उटीला फ्रान्सच्या बोशे कंपनीच्या तंत्रज्ञानावर उभ्या राहिलेल्या कारखान्यात १९६७ पासून 'इंदू' नावाने फिल्म, फोटोचा कागद आणि एक्स-रे फिल्म निघायची. आता ते सगळं बंद आहे. 'इंदू' परत येईल का, असं विचारणारे भेटतात. डेव्हलपर कुठलाही चालतो, पण इमल्शनसाठी थर चढवणारं यंत्र, त्याच प्रतीचं जिलेटिन आणि अंधारात ते यंत्र चालवलेली माणसं लागतात.

अशा कारखान्यात किंवा जुन्या लॅबमध्ये काम केलेलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर सूत्राचे कागद मागू नका, ते कुठेतरी सापडतीलच. रोजच्या बॅचची नोंदवही मागा. कच्चा माल कुणाकडून, कुठल्या प्रतीचा यायचा ती बिलं मागा. आणि नापास झालेल्या बॅचेसच्या नोंदी असतील तर त्या सर्वांत आधी स्कॅन करा. पास झालेल्या बॅचवर कुणी शेरा लिहीत नाही, नापास बॅचवर मात्र काय चुकलं ते तपशिलात लिहिलेलं असतं.